पाळी चुकण्याआधीची गोळी

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. वय २७, लग्नाला आठ महिने झालेत, आता मूल व्हावं असं दोघांनाही वाटतं. नणंदेने सांगितलं, "आतापासूनच फॉलिकची गोळी घे." सासूबाईंना ते पटलं नाही. "दिवस राहायच्या आधीच औषध कशाला? मला चार मुलं झाली, एक गोळी घेतली नाही. शिवाय या गोळ्या उष्ण पडतात." तिने मला तीन गोष्टी विचारल्यात. दिवस राहण्याआधी गोळी खरंच लागते का? घरात रोज भाजी, कडधान्य, मासळी असते, त्यावर भागत नाही का? आणि अंगात उष्णता वाढून दिवस राहायलाच अडचण येते, यात काही तथ्य आहे का?

बाय, फोंड्यात बाळंतपणं करता करता माझी तीसेक वर्षं गेली. हा प्रश्न मला फार कमी मुली वेळेवर विचारतात. तू विचारलास याचा आनंद झाला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॉलिक म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, एक जीवनसत्त्व. गोळी सुरू कर, आजच. मूल हवं असं ज्या दिवशी ठरलं त्या दिवसापासून तिची वेळ सुरू झाली. घरचं जेवण चांगलं असलं तरी ते गोळीचं काम करत नाही, आणि फॉलिकमुळे दिवस राहायला काहीही अडथळा येत नाही. एवढं सांगून थांबता आलं असतं, पण कारण कळलं नाही की गोळ्यांची पट्टी आठवडाभरात फ्रिजवर जाऊन पडते. ते मी फार घरांतून पाहिलंय.

हिशोब दिवसांचा आहे. तुझी पाळी २८ दिवसांची धरू. साधारण चौदाव्या दिवशी बीज सुटतं, त्याच सुमारास गर्भधारणा होते. आणखी १४ दिवसांनी पाळी यायची, ती येत नाही. म्हणजे पाळी चुकल्याचं तुझ्या लक्षात येतं तेव्हा गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आत मिटायची असते. २८ मधून १४ गेले, उरले १४. त्यातले चार-पाच दिवस 'येईल उद्या-परवा' म्हणण्यात जातात. मग घरच्या घरी लघवीची तपासणी, मग नवऱ्याला सांगणं, मग 'इतक्यात कोणाला सांगू नकोस, तीन महिने होऊ देत'. मुलगी माझ्यासमोर येऊन बसते तेव्हा शेवटच्या पाळीपासून मोजून बहुधा सात-आठ आठवडे झालेले असतात. नळीचा निकाल सहा आठवडे भरतानाच लागलेला असतो. मी तेव्हाही फॉलिक लिहून देते, द्यायलाच हवं. पण ज्या कामासाठी ते सगळ्यात जास्त लागतं ते काम तोवर आटोपलेलं असतं.

त्यात आज गोळी घेतली आणि उद्या अंगात साठा झाला, असंही होत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये फॉलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, पुरेसं वाढायला दोन-तीन महिने जातात. म्हणून मी तीन महिने आधी म्हणते. तेवढा वेळ नसेल तर निदान एक महिना.

ही नळी कशी तयार होते ते मी मुलींना पातोळीवरून सांगते. हळदीचं पान आधी सपाट पसरलेलं असतं, मग ते उभं दुमडून कडेला कड लावतात. गर्भाच्या पाठीवर सुरुवातीला असाच एक सपाट पट्टा असतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, मध्ये येतात आणि जुळतात. जुळणी मानेच्या भागात सुरू होते, तिथून वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे सरकत जाते. वरचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. या दिवसांत पेशी अतिशय वेगाने दुभंगत असतात आणि प्रत्येक वेळी त्यांना डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते. त्या कामाला फॉलेट लागतं. वरचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग घडतच नाही, असं बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर मणक्यात फट राहते. तिला स्पायना बिफिडा म्हणतात. अगदी लहान, कातडीखाली झाकलेली फट आयुष्यभर कळतही नाही. मोठी असेल तर मज्जारज्जू उघडा पडतो, पायांतली ताकद जाते, लघवी-शौचावर ताबा राहत नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर हजार जन्मांमागे साधारण चार बाळांत नळीचा असा काही दोष आढळतो.

आकडा लहान वाटतो. सत्तरी तालुक्यातली एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. वीस वर्षं होऊन गेली. गावाकडून मुली तेव्हा उशिराच यायच्या. ती पाचव्या महिन्यात पहिल्यांदा सोनोग्राफीला आली आणि बाळाला कवटी नव्हती. सगळं झाल्यावर दहा दिवसांनी ती तपासायला आली. रडली नाही. खाली बघत एवढंच विचारलं, "ग्रहणात मी विळीवर नारळ खवला होता, त्याने झालं का?" घरातलं कोणीतरी मधल्या दिवसांत तसं बोलून गेलं होतं. मी तिला तेव्हा सांगितलं ते आजही प्रत्येकीला सांगते. ग्रहणाचा, विळीचा, सुईदोऱ्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तुझा दोष नाही. तुला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम आमचं होतं. पुढच्या खेपेला तिने तीन महिने आधीपासून ५ मिलिग्रॅमची गोळी नेमाने घेतली. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी करताना मी स्क्रीनवर आधी बाळाचं डोकं शोधत होते आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मुलगी झाली, धडधाकट.

तिला दिलेला उपाय माझ्या मनाचा नव्हता. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली होती. आधीच्या बाळाला नळीचा दोष असलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं. १९९१ साली निष्कर्ष आला: दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते म्हणून आम्ही ती देतो. मग पुढचा प्रश्न असा होता, की जिच्या घरी असं काही घडलेलं नाही तिला फायदा होतो का? १९९२ साली हंगेरीतून उत्तर आलं. जीवनसत्त्वांच्या गोळीतून रोज ०.८ मिलिग्रॅम फॉलिक घेणाऱ्या स्त्रियांत एकाही बाळाला हा दोष नव्हता, फॉलिक नसलेली गोळी घेणाऱ्या दुसऱ्या गटात सहा बाळांना होता. १९९९ मध्ये चीनमधल्या मोठ्या पाहणीत तर रोजच्या ४०० मायक्रोग्रॅमनेही प्रमाण स्पष्ट उतरलेलं दिसलं. तुला लागणारी मात्रा तीच, रोज ४०० मायक्रोग्रॅम.

तरी ७२ म्हणजे शंभर नाही. गोळी एक दिवस न चुकवताही क्वचित एखाद्या बाळात दोष राहतो, कारण काही दोषांचं मूळ गुणसूत्रांत असतं, काहींचं आणखी कशात. अशा आईला कोणी "गोळी चुकवली होतीस का?" असं विचारलेलं मला खपत नाही. तिचं दुःख पुरेसं असतं.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्यासारख्या बायकांशी मी ओपीडी संपल्यावर निवांत बोलले आहे. "किती बाळंतपणं झाली?" म्हटलं की त्या आधी जगलेल्या मुलांचा आकडा सांगतात. आपण थोडं गप्प बसलो की मग हळूच येतं, "एक गेलं होतं. जन्मताच." का गेलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही, पुष्कळींना तर बाळ दाखवलंही नाही. घरात त्याचा विषय पुन्हा निघाला नाही. तुझ्या सासूबाईंच्या बाबतीत असं घडलं असेलच असं मी म्हणत नाही, पण 'आमच्या वेळी असं काही नव्हतं' या वाक्यामागे काही वेळा असं एक न मोजलेलं मूल असतं. त्यांना विचारशील तर जपून विचार.

आणि गोळी नवी असली तरी तिची कहाणी त्यांच्या जन्माच्याही आधीची, तीही आपल्या शेजारची, मुंबईची आहे. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई १९२८ पासून हाफकिन संस्थेत काम करत होत्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी थोड्या असत आणि नेहमीपेक्षा मोठ्या असत. विल्सबाईंनी त्यांना यीस्टचा अर्क खायला दिला आणि बायका सुधारल्या. ते त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय गुणकारी आहे ते कळलं नव्हतं, तेव्हा लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तसा एक पदार्थ वेगळा काढला गेला आणि पानातून आला म्हणून लॅटिन 'फोलियम'वरून त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड पडलं. पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या जुन्या माणसांना हे नाव समजवावं लागत नाही, त्यांच्या भाषेत पान म्हणजे 'फोल्या'. ते प्रयोगशाळेत तयार करण्याच्या कामात आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोठा वाटा होता. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या रक्तापासून सुरू झालेली ही वाट आहे. हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही, असं सासूबाईंना अवश्य सांग.

दुसरा प्रश्न जेवणाचा. यावर मला मनापासून बोलायचं आहे, कारण आपलं गोव्याचं साधं जेवण या बाबतीत चांगलं आहे आणि ते आपण हळूहळू सोडून देत आहोत.

अन्नात हे जीवनसत्त्व फॉलेट या रूपात असतं. पालेभाज्यांत पालक सगळ्यात पुढे: अर्धा कप शिजलेल्या पालकात सुमारे १३० मायक्रोग्रॅम. तांबडी भाजी (तांबडा माठ) पालकाइतकी नसली तरी चांगली, आणि ती आपल्याकडे परसात होते, ताजी मिळते. पण खरा खजिना कडधान्यांत आहे. अळसांदे (मोठी चवळी), मूग, चणे, मसूर, राजमा. अळसांद्यांच्या तोणाकाची (रस्सा-उसळीची) एक वाटी जेवणात आली की शंभर ते दोनशे मायक्रोग्रॅमच्या दरम्यान काहीतरी पदरात पडतं. मुगाला मोड आणले की त्यातलं फॉलेट वाढतं, म्हणून मोड आलेल्या मुगाची आपली मुगागाठी मला या दिवसांसाठी फार मोलाची वाटते. मोड मात्र शिजवूनच खा, कच्चे नकोत. सकाळच्या पावाबरोबरची पातळ भाजी वाटाण्याची किंवा चण्याची असेल तर तीही मोजात धर. भेंडी, बीट, शेंगदाणे, संत्रं, पिकलेला आंबा, अंडं यांतूनही थोडं थोडं मिळतं.

मासळीबद्दल लोकांचा गैरसमज असतो. बांगडा, पेडवे (तारली), सुंगटं (कोळंबी) यांतून प्रथिनं मिळतात, बी-१२ मिळतं, बांगड्या-पेडव्यांतून बाळाच्या मेंदूला लागणारी चांगली चरबी मिळते. फॉलेट मात्र नगण्य. म्हणजे 'आमच्याकडे रोज हुमण (माशाची कढी) असतं' याने फॉलिकचा प्रश्न सुटत नाही. शीत-हुमण आणि तळलेला मासा एवढंच ताट असेल तर त्यात फॉलेट जवळजवळ नाही. बाजूला तांबडी भाजी आणि वाटीभर कडधान्य आलं की तेच ताट पालटतं.

मग चांगल्या ताटावर का भागू नये? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला रोज ५७० मायक्रोग्रॅम फॉलेट लागतं, एरवी २२०. पहिला आकडा दुसऱ्याच्या अडीचपट आहे. वर सांगितलेलं सगळं नेमाने खाणारी मुलगी माझ्या अंदाजाने चांगल्या दिवशी तीनशे-साडेतीनशेपर्यंत पोचते. वाईट दिवस कोणाला नसतात? नोकरीवरून उशीर झाला की रात्री पाव आणि आम्लेट. पावसाळ्यात पालेभाजी महाग, मग तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी एकदा-दोनदा होते आणि बाकी दिवस बटाटा. शिवाय फॉलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने जातं. पालक पाण्यात उकळून ते पाणी ओतलं तर जवळजवळ निम्मं फॉलेट मोरीत जातं. भाजी चिरून धुण्याऐवजी धुऊन चीर, झाकण ठेवून थोड्या वाफेवर शिजव, आणि डाळ-कडधान्याचं शिजलेलं पाणी फेकू नकोस, त्याचं सार कर. एवढं करूनही अन्नातलं फॉलेट शरीर सरासरी निम्मंच शोषतं. गोळीतलं फॉलिक रिकाम्या पोटी जवळजवळ सगळं शोषलं जातं आणि जेवणाबरोबर घेतलं तरी ८५ टक्के. त्या चौदा दिवसांत ताटात काय पडलं, ओकारीमुळे किती टिकलं, यावर नशीब सोडायचं नाही, म्हणून गोळी.

अमेरिकेत १९९८ पासून पांढऱ्या पिठातच फॉलिक घालणं सक्तीचं केलं आहे. तिथली मुलगी पाव खाते तेव्हा नकळत थोडं फॉलिक खाते. आपल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावाच्या मैद्यात ते घालायची अशी सक्ती नाही. रेशनवर फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेला, तांदूळ मिळत असेल तर त्यात लोह आणि बी-१२ बरोबर फॉलिक असतं, पण प्रमाण किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी वीस-तीस मायक्रोग्रॅमच मिळतील. चांगली गोष्ट आहे, तो तांदूळ जरूर खा, पण तेवढ्यावर विसंबू नकोस.

गोळी घेताना एकच काळजी, आणि ती मोठी आहे. पट्टीवरचा आकडा आणि एकक दोन्ही वाच. तुला ४०० मायक्रोग्रॅम हवंय. औषधाच्या दुकानात नुसतं "फॉलिक द्या" म्हटलं की बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची पट्टी हातात पडते. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, तुला लागतं त्याच्या साडेबारा पट. ते काही विष नव्हे, चुकून काही दिवस घेतलं गेलं तर घाबरायचं कारण नाही. पण मोठ्या माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसाला गोळ्यांतून १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉलिक नेमाने घेऊ नये. काही डॉक्टर सरसकट सगळ्यांना ५ मिलिग्रॅम देतात. मी देत नाही, आणि त्याचं कारण बी-१२ आहे.

फॉलेट आणि बी-१२ रक्त घडवताना जोडीने काम करतात. बी-१२ कमी असलेल्या माणसाला भरपूर फॉलिक दिलं की रक्त सुधारतं, अहवाल चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात. आतमध्ये नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असतं. तू मासळी खातेस, तिसऱ्या खातेस, तेव्हा तुला ही भीती कमी. जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद होते, मग श्रावण येतो, चवथीपर्यंत कित्येक घरांत मासळी शिजत नाही, तरी त्याने बिघडत नाही, कारण बी-१२ यकृतात वर्षानुवर्षं साठून राहतं. फॉलेटचा साठा मात्र तीन-चार महिन्यांत संपतो. पण जन्मापासून शाकाहारी असलेली, दूधही थोडंच घेणारी मुलगी माझ्याकडे आली तर मी फॉलिक लिहिण्याबरोबरच तिची बी-१२ची तपासणी करून घेते. तुझी नणंद किंवा मैत्रीण तशी असेल तर तिला हे सांग.

५ मिलिग्रॅम खरोखर कोणाला लागतं? जिच्या आधीच्या बाळाला नळीचा दोष होता तिला. नवरा-बायकोपैकी कोणाला किंवा त्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात असा दोष असेल तर. फिट येण्यावरची औषधं, विशेषतः व्हॅलप्रोएट किंवा कार्बामॅझेपिन, चालू असतील तर. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, दिवस राहण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलता येतं का ते बघायचं. थॅलेसेमिया किंवा सिकल सेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील, वजन खूप जास्त असेल, मधुमेह असेल तर.

मधुमेहापाशी मी गोव्यात जरा जास्त थांबते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. रक्तातली साखर त्या पहिल्या आठवड्यांत वाढलेली असेल तर नळीचे आणि हृदयाचे दोष होण्याचा धोका वाढतो, मग फॉलिक घेतलेलं असो वा नसो. तुझ्या आईला किंवा वडिलांना साखर असेल तर गोळीच्या पहिल्या पट्टीबरोबरच तुझी साखरही तपासून घे. वय २७ आहे म्हणून गाफील राहू नकोस.

आणखी एका औषधाचं नाव लक्षात ठेव: मेथोट्रेक्सेट. संधिवातावर, सोरायसिसवर देतात. फॉलिकच्या कामात मुद्दाम अडथळा आणण्यासाठीच अशी औषधं घडवली गेली, आणि त्या संशोधनातही सुब्बारावांचा गट होता. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांना अशाच औषधांनी पहिल्यांदा आशा दिली. पण मूल हवं असणाऱ्या बाईच्या अंगात मेथोट्रेक्सेट नको. ते काही महिने आधी, डॉक्टरांना विचारून बंद करायचं असतं. दारूही फॉलेटचं शोषण आणि साठा दोन्ही बिघडवते. आपल्याकडे लग्नाकार्यात ग्लासभर घेण्याला कोणी काही म्हणत नाही. मूल हवं असेल तर या महिन्यांत तू घेऊ नकोस, आणि नवऱ्यानेही सिगारेट आणि दारू सोडली तर फार बरं.

आता उष्णतेचं. सासूबाई ज्याला उष्ण पडणं म्हणतात ती पोटातली जळजळ, मलावरोध, काळी शौच, तोंडाला धातूची चव ही लोहाच्या गोळीची लक्षणं आहेत. गरोदरपणी मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक एकत्र असतं, त्यामुळे लोकांच्या मनात दोन्ही एकच झाली आहेत. नुसत्या फॉलिकच्या छोट्या गोळीने यातलं काही होत नाही. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. तिने पाळी पुढे-मागे होत नाही आणि गर्भ राहण्यात खोडा घातला जात नाही. उलट काही महिने प्रयत्न करावे लागले तरी ती तितके महिने चालू ठेवायची. चार महिने झाले, काही झालं नाही म्हणून मुली कंटाळून गोळी सोडतात आणि पाचव्या महिन्यात दिवस राहतात. तसं तुझं होऊ देऊ नकोस.

महागड्या डब्यांचंही सांगते, कारण ते तुला कोणीतरी दाखवेलच. 'तुमच्या शरीराला साधं फॉलिक चालत नाही, हे खास मिथाइलफोलेट घ्या' असं सांगून महिन्याला शेकडो रुपये घेतात. काही लोकांच्या जनुकांत फॉलिकवर प्रक्रिया करणारा एक एन्झाइम थोडा मंद असतो हे खरं, पण त्यांनाही ४०० मायक्रोग्रॅम साध्या फॉलिकने रक्तातली पातळी पुरेशी वाढते. वर सांगितलेल्या तिन्ही पाहण्या साध्या फॉलिकच्याच आहेत. वाचलेल्या पैशांची अंडी आणि अळसांदे घे.

बारा आठवडे झाले की नुसत्या फॉलिकची जागा ती तांबडी गोळी घेते. ती दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ती फुकट मिळते. चहाबरोबर घ्यायची नाही, लोह चहाने अडतं. रात्री जेवून तासाभराने घेतली तर पोटाला कमी त्रास होतो. अंगात रक्ताचं प्रमाण या महिन्यांत ४०-५० टक्क्यांनी वाढतं, वार वाढते, बाळ वाढतं, सगळीकडे नव्या पेशी लागतात, त्यामुळे नळी मिटल्यावरही फॉलिकचं काम संपत नाही.

शेवटचं, तू विचारलं नाहीस पण विचारशील. हे वाचेपर्यंतच पाळी दोन दिवस पुढे गेली असेल तर? तर तपासणीची, मुहूर्ताची, माझ्याकडे यायच्या दिवसाची वाट पाहू नकोस. आज संध्याकाळी नवऱ्याला येताना ४०० मायक्रोग्रॅमची पट्टी आणायला सांग. १४ पैकी १२ दिवस अजून आहेत.